पाच आणि सात

चूक एका ओळीची.
जोडणी उघडली, पासवर्ड दिला, टेबल निवडलं,
आणि अक्षरं कोणत्या रूपात येणार
एवढंच डेटाबेसला सांगायचं राहिलं.
पीएचपीने चकार शब्द काढला नाही.
लूप रात्रभर फिरला, जुन्या सर्व्हरवरून नव्यावर,
सकाळी पडद्यावर हिरवं:
दोन हजार तीनशे अठरा ओळी. त्रुटी शून्य.

जुना सर्व्हर त्याच दुपारी भंगारात गेला.
त्सोत्नेने कागद पुढे केला, मी सही केली,
त्याच्याच पेनाने.

सोमवारी यादी उघडली, तर नावांच्या जागी

????? ???????
????? ???????

जन्मसाल शाबूत. खोली शाबूत.
भत्त्याची रक्कम तेत्रीपर्यंत शाबूत.
आकड्यांना कुठलंच घर परकं नसतं.
माणसं तेवढी गेली.

तरी डेटाबेस खोटं बोलला नव्हता.
आमची तेहतीस अक्षरं त्याला वाचता येईनात,
म्हणून प्रत्येकामागे त्याने एकेक प्रश्न ठेवला,
मोजून.
नाव गेलं, लांबी उरली,
गिऱ्हाईक गेल्यावर शिंप्याच्या वहीत
छाती-कंबर उरावी तशी.

छापील यादी घेऊन त्सखाल्तुबोच्या सॅनेटोरियमची पायरी चढले.
इथे एके काळी गुडघेदुखीचे बडे अधिकारी
गरम पाण्यात बसून बुद्धिबळ खेळत.
आता एन्गुरी नदीपलीकडून आलेली माणसं राहतात,
तात्पुरती,
तिसावं वर्ष उलटलं त्याला.
संगमरवरी खांबाला कपड्यांची दोरी,
खिडकीतून बाहेर आलेला शेगडीचा पाइप.

खोली दोनशे चौदा.
ती हेझलनट फोडत होती, हातोडी थांबवली नाही.
मी दोन ओळी दाखवल्या. दोन्हींत पाच आणि सात.
यातली तुमची कोणती, हे विचारताना
माझे कान तापले.

चष्मा नव्हता. बोट ठेवलं नेमकं.
‘वरची मी. त्सिआला कार्चावा. मोज.’
मोजलं. पाच. सात.
‘खालचा बोंदो.’
तोही पाच. सात.
‘बघ,’ म्हणाली, ‘सोयरीक जमवताना
आईनेसुद्धा इतकं मापून घेतलं नव्हतं.’

मी टाइप केलं. अक्षरं उमटली, टिकली.
गावाच्या रकान्यात सात प्रश्न, तिथे ओतोबाया.
मग बोंदोच्या ओळीत शेवटचा रकाना लाल झाला:
मृत्यूची तारीख आवश्यक.

हातोडी थांबली.
‘त्र्याण्णवच्या सप्टेंबरात तो गाय सोडायला मागे फिरला.
म्हणाला, दाव्याला बांधलेली राहील बिचारी.
यापुढची तारीख तुझ्याकडे असेल तर टाक.’

माझ्याकडे तारीख नव्हती.
एक शब्द होता, कॉलेजात पाठ केलेला: नल.
शून्य नव्हे तो. कोरी जागाही नव्हे.
नल कशाच्याच बरोबर नसतो,
शेजारच्या नलच्याही नाही.
विचारा त्याला, तू हाच का?
हो म्हणत नाही.
नाहीही म्हणत नाही.

तिला हे सांगितलं, जमेल तसं.
ती बराच वेळ टरफलं गोळा करत राहिली.
‘त्यालाही शब्द आहे म्हणजे,’ म्हणाली.
‘तोच लिही.’

गुडघ्यावर लॅपटॉप, पायाशी टरफलं,
मी टेबलाची रचना बदलली:
या रकान्याला उत्तराची सक्ती नाही.
कुणाची परवानगी घेतली नाही.
त्सोत्नेला उद्या कळेल.

निघताना तिने मूठभर हेझलनट कोटाच्या खिशात कोंबले,
खिशाला भोक होतं, दोन-चार जिन्यात घरंगळले.

खोली दोनशे पंधरा. सहा आणि आठ.
आत रेडिओ चालू.
दारातच उभी राहून आधी ती एक ओळ लिहिली,
अक्षरं येतायत, अक्षरांसारखी घे,
दोनदा वाचली,
आणि दार वाजवलं.